एक टुक

त्या आवाजाला सगळे बीप म्हणतात. आमच्या घरात तो टुक होता. नाव आईने ठेवलेलं, आणि तिने एकदा नाव ठेवलं की ते बदलत नसे. पहाटे साडेपाचच्या सुमाराला वाईच्या त्या जुन्या घरात, माडीवर मी झोप आणि जाग यांच्या मधल्या पायरीवर कुठेतरी असायची, घाटाकडून येणारा गारवा खिडकीच्या गजांतून पायांपर्यंत पोचलेला असायचा, आणि खाली ओसरीलगतच्या खोलीत अण्णांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलेलं असायचं. आधी पंख्याचा लांब श्वास. मग आत काहीतरी फिरू लागल्याची घरघर. मग थोडा वेळ कुणीच काही बोलत नाहीये असं वाटायला लावणारी शांतता. आणि मग तो आवाज, बारीक, आखूड, स्वच्छ. टुक. त्याच्यामागोमाग स्वयंपाकघरातून पातेलं शेगडीवर टेकल्याचा आवाज यायचा, कारण आई त्या टुकवर चहाचं आधण ठेवायची.

या दोन आवाजांमध्ये मी किती वर्षं कूस बदलून पुन्हा झोपले असेन!

त्या मधल्या शांततेत काय घडतं ते मला फार पुढे कळलं. यंत्र जागं झालं की दुसरं काहीही करण्याआधी ते स्वतःलाच चाचपून बघतं. प्रोसेसर जागेवर आहे ना, मेमरी उत्तर देते आहे ना, पडद्यावर चित्र उमटवणारं कार्ड शुद्धीवर आहे ना, असं एकेकाला हाक मारून विचारतं. सगळ्यांची ओ आली की एकदाच टुक करतं. आमचे आजोबा पहाटे अंथरुणातून उठताना असेच एकदा खाकरायचे. त्या खाकरण्यात सांगण्यासारखं काहीच नसायचं, आणि तरी अख्ख्या वाड्याला कळायचं की म्हातारा उठलाय, ठीक आहे, दिवस सुरू करायला हरकत नाही. ते गेल्यावर काही वर्षं आमच्या पहाटेला तसा आवाजच नव्हता. मग २००२ साली कॉम्प्युटर आला.

अण्णा जुळारी होते. विसाव्या वर्षापासून छापखान्यात खिळे जुळवलेले. विश्वकोशाचं गाव आमचं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथे बसून ज्ञानाच्या नोंदी करवून घेत होते, १९७६ साली पहिला खंड निघाला, आणि गावातल्या साध्यासुध्या छापखान्यांनाही त्या कामाचा उजेड लागल्यासारखा वाटायचा, असं अण्णा सांगत. लग्नपत्रिका जुळवतानासुद्धा ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर त्यांना जेवण जात नसे. देवनागरीच्या खिळ्यांची लाकडी केस म्हणजे शेकडो खाने. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, मात्रा, वेलांट्या. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजवा हात खान्यांवरून न बघता फिरणारा, आणि ओळ उलटी वाचणारे डोळे. कामाला लागण्याआधी ते केसच्या लाकडाला उजव्या हाताची बोटं लावत आणि ती कपाळाला नेत. बोटांच्या टोकांना शिशाचा करडा रंग असे आणि घरी येताना अंगाला शाई आणि रॉकेलचा वास. त्या वासाला मी बिलगत असे.

खिळ्यांचं काम हळूहळू थांबलं. का थांबलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. अण्णांनी साठवलेल्या पैशांतून एक जुळवून आणलेला कॉम्प्युटर घेतला, श्रीलिपी शिकून घेतली, पेजमेकर शिकून घेतलं, आणि ओसरीलगतच्या खोलीत पुन्हा जुळारी होऊन बसले. सुरुवातीचे काही महिने त्यांचा उजवा हात कीबोर्ड सोडून हवेत थोडा वर, थोडा उजवीकडे जायचा, जिथे केसमध्ये ‘ळ’चा खाना असायचा तिथे. मग परत यायचा. ते मी दारातून बघत असे आणि बघितल्याचं कळू देत नसे.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे असे. प्रुफांचं पाकीट सकाळच्या एस.टी.ने पाठवायचं तर गाडी आपल्यासाठी थांबत नाही, म्हणून अण्णांनी ते कधीकाळी पुढे केलं होतं. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्याही कोपऱ्यातली वेळ दहा मिनिटं पुढे करून घेतली. घरात दोन वेळा नकोत, म्हणाले.

अण्णांना जाऊन आठ वर्षं झाली. मी पुण्यात, आई वाईला, तिला तिथून हलायचं नाही. या श्रावणात गेले तेव्हा पाऊस असा लागला होता की घाटावरच्या ढोल्या गणपतीचं दर्शनही छत्रीआडून घ्यावं लागलं, भिंतींना हात लावला तर हाताला ओल यायची, आणि मिठाच्या बरणीत पाणी धरलं होतं. दुपारी आई म्हणाली, “ह्यांचा कॉम्प्युटर एकदा बघ गं. चालू होतो का.”

“आता काय करायचंय त्याचं?”

“काही नाही. पहाटे तो आवाज येत नाही.”

इतकंच म्हणाली आणि वाटाणे सोलायला बसली.

तिच्या जुन्या नऊवारीचा तुकडा शिवून केलेलं आवरण काढलं. खाली तो कॅबिनेट, एके काळी पांढरा, आता जुन्या हस्तिदंतासारखा. आवरणाच्या आत कोंडून राहिलेला वास बाहेर आला, धूळ, प्लास्टिक, आणि कुठेतरी खोल, शाईसारखा काहीतरी. शाईचा असणं शक्य नव्हतं. पण आला. मी प्लग लावला, खोलीतला ट्यूबलाइट लावून करंट असल्याची खात्री केली, आणि बटण दाबलं.

काहीच नाही.

काहीच नाही याचेही प्रकार असतात, हे मला दहावीच्या सुट्टीत शिकवलं गेलं होतं. साताऱ्याहून एक दुरुस्तीवाले दादा यायचे, हिरव्या कापडी पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पांढरा खोडरबर, रंगाचा एक जुना ब्रश आणि बऱ्याचशा वाकवलेल्या पेपरक्लिपा घेऊन. आल्याबरोबर कॅबिनेट कधीच उघडायचे नाहीत. आधी ओसरीवर बसायचे, पाणी प्यायचे, म्हणायचे, “चालू करा आणि कुणी बोलू नका.” मग डोळे मिटून ऐकायचे. डॉक्टर नाडी बघताना चेहऱ्यावर जे येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर यायचं. मला त्यांनी सांगितलं होतं, पंखाच फिरला नाही तर करंट आत पोचत नाही, म्हणून बाहेरून आत शोधत जायचं. पंखा फिरतो पण टुक नाही तर श्वास आहे, शुद्ध नाही. आणि लांब लांब आवाज थांबून थांबून येत राहिले तर घाबरायचं नाही, मेमरी दुखतेय. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याचं कार्ड. हे आपल्या बोर्डाचं बोलणं हं, दुसऱ्या बोर्डाची भाषा वेगळी, असंही सांगत. मी हे सगळं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं होतं. वही कुठे गेली कुणास ठाऊक, अक्षर आठवतं.

तर, पंखाच फिरत नव्हता. बाहेरून आत जायचं होतं.

भिंतीतल्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, लाल उजेड आला. वायर बदलून दुसरी तशीच जाड वायर लावून पाहिली. मग प्लग काढला, बाजूचा पत्रा सरकवला, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला बोटं टेकवली. अंगात साठलेली स्थिर वीज त्या पत्र्यात उतरून जाते, नाहीतर आपल्याला न जाणवणारी एक ठिणगी आतल्या नाजूक चिपला कायमची गप्प करू शकते. दादांनी हे मला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा अण्णा शेजारी उभे होते. “लाकडाला लावायचो तसंच की,” म्हणाले होते. बोटं पत्र्यावर टेकलेली असताना माझा हात आपोआप कपाळाकडे गेला.

आत आठ वर्षांची धूळ होती, मऊ, करडी, एखाद्या कोपऱ्यात मांजर झोपून गेल्यासारखी. ती मी ब्रशने सावकाश काढली. बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरची टोकं बोटाने तपासली. त्या काळातल्या कितीतरी बोर्डांचे कपॅसिटर आतल्या सदोष द्रावामुळे डोक्यावर टरारून फुगले आणि बोर्ड गेले. आमचे सपाट होते. इतका धीर पुरला.

कॉम्प्युटरचं बटण दिव्याच्या बटणासारखं नसतं. दिव्याचं बटण दार उघडतं, हे फक्त दारावर टकटक करतं. आतल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन त्यांचे बारा, पाच आणि ३.३ करून वाटणाऱ्या त्या पत्र्याच्या डब्यात, यंत्र बंद असतानाही एक बारीकसा पाच व्होल्टचा प्रवाह जागा असतो, जांभळ्या वायरीतून. सगळं घर झोपलेलं असताना देवघरातली समई जशी. टकटक ऐकणारा तोच. तो विझला असेल तर कितीही वेळा बटण दाबा, ऐकणारं कुणी नाही. दादांची युक्ती मला आठवत होती. एसएमपीएसचा मोठा जोड बोर्डापासून सोडवायचा, त्यातली एकुलती हिरवी वायर शोधायची, आणि वाकवलेल्या क्लिपने ती शेजारच्या काळ्या वायरीला जोडायची. तेवढ्याने डबा जिवंत असेल तर त्याचा पंखा फिरतो. डबा मात्र कधी उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात झटका साठलेला असतो, हे ते दरवेळी बजावत. मी क्लिप लावली आणि मग प्लग लावला. पंख्याचं पातं एकदा कापलं, जणू कुणी झोपेत नाव घेतल्यावर पापणी हलावी, आणि थांबलं.

पुढच्या शनिवारी पुण्याहून नवा डबा आणला. जुन्या बोर्डाला वीस टोकांचा जोड लागतो, हल्लीच्यांना चोवीस. पण नव्या जोडाची चार टोकं वेगळी होऊन बाजूला सरतात, मागच्या पिढीसाठी जागा ठेवतात. हे बघून मला उगीचच बरं वाटलं. सोबत घड्याळजीकडून रुपयाएवढा एक सेल घेतला होता. आई ओट्याशी उभी होती, बघत नाहीये असं दाखवत.

बटण दाबलं. पंख्याने लांब श्वास घेतला. आईचा हात थांबला. हार्डडिस्कची घरघर सुरू झाली. मग ती शांतता आली, माझ्या ओळखीची, आणि आम्ही दोघी तिच्या काठावर उभ्या राहिलो.

शांतता संपली नाही. टुक आलं नाही.

श्वास आहे, शुद्ध नाही. मी आईकडे बघितलं नाही. बंद केलं, प्लग काढला, आणि आत बघत बसून राहिले. बाहेर पागोळ्या एकसारख्या पडत होत्या. या टप्प्याला दादा काय करत ते आठवायला मला वेळ लागला, कारण ते इतकं उलटं होतं. ते मेमरी काढून टाकत. बोर्डावर उभी लावलेली ती पट्टी, दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्या दाबून उचलायची आणि बाजूला ठेवायची, आणि मग यंत्र चालू करायचं. मेमरीशिवाय ते उठूच शकत नाही हे माहीत असतानाच चालू करायचं. “आता ओरडलं पाहिजे,” दादा म्हणत. “ओरडलं तर बोर्डात जीव आहे, प्रोसेसरमध्ये जीव आहे. नाहीच ओरडलं तर मग मात्र अवघड आहे.”

“आता काय करतेस?” आईने विचारलं.

“ह्याची मेमरी काढून बघते. रडलं तर बरं.”

आई काही बोलली नाही. मग बऱ्याच वेळाने, वाटाण्याची साल बाजूला सारत म्हणाली, “आठवण काढली की रडू येतंच.”

ती कॉम्प्युटरबद्दल बोलत होती की नाही, मी विचारलं नाही. माझ्या हातात ती पट्टी होती, वितीहून आखूड, पैशाच्या पाकिटात मावेल एवढी, २५६ एमबीची. तिच्या कडेचे सोनेरी दात श्रावणाच्या, नव्हे आठ श्रावणांच्या दमटपणाने काळवंडले होते. मी ती रुमालावर ठेवली, प्लग लावला, आणि बटण दाबलं.

आणि तो रडला. लांब, सलग, मध्ये श्वास घेऊन पुन्हा लांब. तो आवाज खोलीभर झाला, माडीपर्यंत गेला, शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं, आणि आई ओट्यापासून ओसरीपर्यंत चालत आली, दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिली. आवाज चांगला नव्हता. कर्कश होता. पण इतक्या वर्षांत त्या खोलीतून आलेला तो पहिला आवाज होता. तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. मी लगेच बंद करायला हवं होतं. केलं नाही. थोडं रडू दिलं.

मग बंद केलं, प्लग काढला आणि खोडरबर घेतला. मुलांच्या दप्तरात असतो तसा साधा पांढरा. सोनेरी दातांवरून हलक्या हाताने, एकाच दिशेने, पुन्हा पुन्हा. काळपट चुरा रुमालावर पडत होता आणि खालून पिवळी चमक वर येत होती. पट्टीच्या एका बाजूला चौऱ्याऐंशी दात, दुसऱ्या बाजूला तितकेच. अण्णा जुने खिळे असेच पुसत, एकेक, कामाचं एकही अक्षर घाण राहता कामा नये म्हणून. खोबणीतही कोरडा ब्रश फिरवला. पट्टी सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कड्या आपोआप वर येऊन बसल्या, खट्, खट्.

आणि सेल बदलला. तो जुना सेल मी अजून ठेवलाय. तीन व्होल्टचा, वीस मिलिमीटर व्यासाचा, बोटांत धरला तर जाणवणारही नाही इतका हलका. यंत्र बंद असताना वेळ मोजायचं काम त्याच्यावर असतं. बोर्डावर गव्हाच्या दाण्याएवढा स्फटिक असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या पंधरा वेळा निम्मी करत गेलं की शेवटी एक उरतो, तोच आपला सेकंद. प्लग भिंतीत असेपर्यंत त्या जागत्या प्रवाहाची सोबत असते. पण अण्णा गेल्यावर तेराव्याला आईने प्लग काढून ठेवला होता, पावसात विजा चमकतात म्हणून. तेव्हापासून आवरणाखालच्या अंधारात हा एकटाच सेल त्यांची वेळ मोजत बसला होता, दहा मिनिटं पुढची वेळ, आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नसताना. नंतर कधीतरी, एखाद्या रात्री, तो थकला असेल. कुठल्या रात्री? मी तेव्हा कुठे होते?

सगळं पुन्हा जागेवर लावलं. बाजूचा पत्रा लावला नाही, आत दिसू दिलं. तिन्हीसांज झाली होती. आईने देवापाशी दिवा लावला आणि ओसरीत येऊन जोत्यावर बसली. मी कॅबिनेटच्या पत्र्याला बोटं टेकवली.

पंखा. घरघर. शांतता.

टुक.

इतका लहान आवाज होता तो. मला वाटायचं मोठा असेल. आई उठली, काहीही न बोलता आत गेली, आणि पातेलं शेगडीवर टेकलं.

जुना मॉनिटर हळूहळू उजळला, काळ्यावर पांढरी अक्षरं आली. यंत्राला काहीच आठवत नव्हतं. ते आपली तारीख १ जानेवारी २००२ सांगत होतं, रात्रीचे बारा, आणि पुढे जाण्यासाठी एक कळ दाबायची विनंती करत होतं. मी सेटिंगच्या निळ्या पानावर गेले. वर्ष पुढे नेलं, एकेक, बावीस-तेवीस वेळा कळ दाबत. लग्न झालं ते वर्ष गेलं, मुलगी झाली ते गेलं, अण्णा गेले ते वर्षही त्याच गतीने कळीखालून निघून गेलं. महिना आणला, तारीख आणली. मग वेळेपाशी थांबले.

“आई, किती वाजलेत?”

आतून, आल्याचा तुकडा ठेचता ठेचता, तिने मान वळवून भिंतीकडे बघितलं असणार. “सात पाच.”

माझ्या मनगटावर सहा पंचावन्न झाले होते.

मी सात पाच लावले.